फाइल मागायची कशी, राखायची कशी: मुंबईतल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आई हॉस्पिटलात होती तेव्हाची गोष्ट. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, तर गेटवर वॉचमनने विचारलं, "ताई, आईंच्या गाठीचा रिपोर्ट वाईट आला म्हणे?" गाठ हा शब्द आम्ही घराबाहेर काढलाच नव्हता. मग उलगडा झाला. दुपारी ओळखीतले एक काका भेटायला गेले होते. आई झोपली होती, म्हणून त्यांनी काउंटरवर चौकशी केली आणि तिथल्या माणसाने फाइल उघडून त्यांना सगळं वाचून दाखवलं. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते कुणाशी तरी बोलले आणि रात्रीपर्यंत दोन्ही विंगांमध्ये बातमी पोचली.

पंधरा दिवसांनी मी त्याच हॉस्पिटलात गेले. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी आईच्या इनडोअर केसपेपरची झेरॉक्स हवी होती. उत्तर मिळालं, "ते आमचं अंतर्गत रेकॉर्ड आहे, पेशंटला देत नाही."

काकांना नुसतं विचारल्यावर जे मिळालं, ते आईच्या मुलीला मागूनही मिळेना. शेवटी लेखी अर्ज दिला, त्यावर आवक शिक्का घेतला आणि तिसऱ्या दिवशी फाइलची प्रत हातात आली. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांचे अर्ज मी लिहून दिले. त्यातून कळलेलं सगळं इथे मांडते आहे. आपली फाइल मिळवणं आणि ती इतरांपासून राखणं ही एकाच हक्काची दोन टोकं आहेत. दोन्हीकडे तोंडी बोलण्याला वजन नाही. लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची.

पायरी १: नेमकं काय मागायचं ते ठरवा

"फाइल द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी डिस्चार्ज कार्डाची प्रत पुढे येते. ते पान-दोन पानांचं सार असतं. खरी फाइल म्हणजे इनडोअर केसपेपर. त्यात भरती करतानाची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सिस्टरांचा चार्ट, औषधं कोणत्या वेळी दिली त्याचा तक्ता, ऑपरेशनची आणि भुलीची नोंद, बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांचे शेरे, सही केलेली संमतीपत्रं आणि सगळे रिपोर्ट असतात. अर्जात ही यादी नावानिशी लिहा. यादी नसेल तर पन्नास पानांची फाइल पाच पानांची होऊन येते.

एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी वेगळ्या मागा. गाठ काढली असेल किंवा बायॉप्सी झाली असेल, तर रिपोर्टाबरोबर स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे काचपट्टीवरचा आणि मेणात जपलेला गाठीचा नमुना, तेही मागा. परळच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला गेलात की ते लागतातच. ही गोष्ट आधी माहीत नसल्यामुळे गावाहून आलेल्या माणसांच्या दोन-दोन खेपा होताना मी पाहिल्या आहेत.

पायरी २: हाताशी असायला हवेत एवढेच नियम

काउंटरवर वाद घालायला वकील लागत नाही. चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरतं.

पहिली, डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम. भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपल्या पाहिजेत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्या तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांच्या आत कागद द्यायचे. न देणं हे त्याच नियमांत गैरवर्तन ठरवलेलं आहे. २०२३ मध्ये या जागी नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यामुळे "ते नियम आता जुने झाले" असं कुणी म्हणालं तर मागे हटू नका.

दुसरी, मुंबई उच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर केसपेपरची प्रत दिलीच पाहिजे आणि गोपनीयतेचं कारण सांगून खुद्द रुग्णालाच नकार देता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. प्रतीचा खर्च घ्यायला हरकत नाही. "गोपनीय आहे म्हणून तुम्हाला देत नाही" हे वाक्य मुंबईत आजही कानावर येतं, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. गोपनीयता रुग्णाच्या बाजूने असते, रुग्णाच्या विरुद्ध नाही.

तिसरी, महाराष्ट्राचे शुश्रूषागृह नोंदणीचे नियम. मूळ कायदा १९४९ चा आहे. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत मोठी दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद त्यात आली. खासगी हॉस्पिटल आणि नर्सिंग होमनी ती सनद दर्शनी भागात लावायची असते. रिसेप्शनजवळ तिचा फोटो काढून ठेवा. पुढे बोलताना तोच फोटो कामाला येतो.

चौथी, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिलेला निकाल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे त्यात एकमताने ठरलं. शरीराची आणि आजाराची माहिती त्यातून वगळता येत नाही.

पायरी ३: अर्ज

मी वापरते तो मसुदा असा:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक, (रुग्णालयाचं नाव).
विषय: वैद्यकीय नोंदींची साक्षांकित प्रत मिळण्याबाबत.
महोदय/महोदया, मी (नाव) आपल्या रुग्णालयात (तारीख) ते (तारीख) या काळात आयपीडी (भरती) क्रमांक (…) ने दाखल होते/होतो. मला माझ्या संपूर्ण इनडोअर केसपेपरची, म्हणजे (पायरी १ मधली यादी), साक्षांकित प्रत हवी आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत मिळावी. प्रतीचा वाजवी खर्च भरण्यास मी तयार आहे. या नोंदी माझ्या लेखी संमतीशिवाय अन्य कोणालाही देऊ अथवा दाखवू नयेत, ही विनंती.
सही, तारीख, वेळ, फोन."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. एकाच अर्जात दोन्ही टोकं बांधली जातात. वेळही लिहा, कारण ७२ तासांची मोजणी तासांची आहे.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर अधिकारपत्र जोडा. "माझ्या वतीने माझी मुलगी, सून किंवा भाऊ यांना प्रत द्यावी" एवढं लिहून सही केली आणि दोघांच्या ओळखपत्रांची झेरॉक्स जोडली की झालं. त्या झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त वैद्यकीय नोंदी मिळवण्यासाठी" आणि खाली तारीख घाला. आधारची कोरी झेरॉक्स कुठल्याच काउंटरवर सोडू नका. रुग्ण हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडून घरचे अर्ज करतात.

काउंटरवर कुणी अर्ज घेतच नसेल तर तिथे भांडत बसू नका. बाहेर येऊन तोच अर्ज हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह धाडा. अर्ज घ्यायला नकार मिळाला ती तारीख आणि वेळही त्यात लिहा. माझा अनुभव असा की ईमेल गेल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी फोन येतो.

केईएम, नायर, सायन, कूपर ही पालिकेची रुग्णालयं आणि राज्य सरकारचं जे. जे. इथे रेकॉर्ड विभाग वेगळा असतो. बोलताना लोक त्याला एमआरडी किंवा नुसतं रेकॉर्ड रूम म्हणतात. तिथे ओपीडीचा कागद किंवा आयपीडी क्रमांक नसेल तर शोधाशोधीत दिवस जातात, म्हणून तो क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. अर्जाला दाद मिळाली नाही तर सरकारी आणि पालिका रुग्णालयांत माहितीचा अधिकार वापरता येतो. १० रुपये शुल्क, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज, ३० दिवसांची मुदत. आपलीच फाइल आपण मागत असतो, त्यामुळे वैयक्तिक माहितीचं कारण सांगून नकार देण्यात अर्थ उरत नाही. ओळखीचा पुरावा मात्र जोडा. खासगी हॉस्पिटलवर माहिती अधिकाराचा अर्ज थेट चालत नाही.

पायरी ४: भरती होतानाच "कोणाला सांगायचं" ते लिहून द्या

आमच्या घरी ही पायरी राहून गेली. भरतीच्या फॉर्मवर 'नातेवाइकाचं नाव' असा रकाना असतो. त्याच्याखाली हाताने लिहा, "प्रकृतीची माहिती फक्त (नाव, नातं, फोन) यांनाच द्यावी. इतर कोणालाही फोनवर किंवा प्रत्यक्ष देऊ नये." दोन नावं पुरेत. मग वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरना ते दाखवा आणि नम्रपणे सांगा. दिवसभरात चाळीस नातेवाइकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देऊन त्या दमलेल्या असतात. नाव ठरलेलं असलं की त्यांचंही काम हलकं होतं.

नवरा, बायको, सासू, मोठा दीर, कार्यालयातले साहेब यांना कुणालाही सज्ञान रुग्णाची माहिती आपोआप मिळण्याचा हक्क नाही. रुग्ण बेशुद्ध असला किंवा निर्णय घेऊ शकत नसला तर जवळच्या माणसाशी बोलणं भाग असतं, ती गोष्ट वेगळी. अठराच्या आतल्या मुलांच्या बाबतीत पालक बोलतात.

डॉक्टरांनी गुपित कधी सांगायचं, तेही २००२ च्या नियमांत आहे. न्यायाधीशांचा आदेश असेल तेव्हा, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा आणि कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल तेव्हा. क्षयरोग या शेवटच्या वर्गात येतो. खासगी डॉक्टरलाही प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर करावी लागते. त्यामुळे टीबी झाल्यावर पालिकेच्या आरोग्य केंद्रातून फोन आला तर डॉक्टरांनी विश्वासघात केला असं समजू नका. तो फोन औषधांसाठी आणि पाठपुराव्यासाठी असतो. पण त्याच आरोग्यसेवकाने चाळीत येऊन चार घरांत रुग्णाचं नाव घेऊन चौकशी केली, तर त्याला हा नियम आधार देत नाही. घरी येण्याआधी फोन करायला आणि शेजाऱ्यांना कारण न सांगायला त्यांना स्पष्ट सांगा.

अपघात, विषबाधा, मारहाण अशा केसमध्ये हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते कायद्याने ठरलेलं काम आहे. पोलिसांना पुढे फाइल हवी असेल तर ते लेखी मागणी करतात आणि हॉस्पिटल त्याची नोंद ठेवून प्रत देतं. तशा मागणीचं पत्र फाइलला लागलं आहे का, हे तुम्ही विचारू शकता.

शिकाऊ डॉक्टर ज्या रुग्णालयांत असतात, तिथे खाटेभोवती दहा-बारा मुलं उभी राहतात. डॉक्टर असेच तयार होतात आणि आपल्यापैकी अनेकांना त्यांच्याच हातून चांगले उपचार मिळाले आहेत. तरीही पडदा ओढायला सांगणं, महिला रुग्णाच्या तपासणीत महिला कर्मचारी हजर असावी असं म्हणणं, "आत्ता नको" म्हणणं, यात काही गैर नाही. फोटोचं तर स्पष्टच आहे. ओळख पटेल असा फोटो किंवा केसची माहिती रुग्णाच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. कुणी मोबाइल काढला तर विचारा, कशासाठी, कुठे जाणार, चेहरा दिसणार का? संमतीपत्राच्या गठ्ठ्यात "छायाचित्रण आणि शैक्षणिक वापर" अशी ओळ असते. ती मान्य नसेल तर पेनने खोडून बाजूला सही करा. तेवढ्यावरून उपचार नाकारता येत नाहीत.

पायरी ५: घरातलं गुपित

हे लिहायला मला सोपं जात नाही. आईचा रिपोर्ट आला तेव्हा मी आणि भावाने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिला कॅन्सर म्हणू नका, घाबरेल." आपल्याकडे हे इतकं सर्रास होतं की त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही. काउंटरवरच्या माणसाने काकांना फाइल वाचून दाखवली याचा मला राग आला, आणि आईच्या आधी आम्ही दोघांनी ती वाचली याचं काहीच वाटलं नाही.

महिन्याभराने आईनेच विचारलं, "सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही, असं का?"

फाइल रुग्णाची असते. ती कुणी वाचायची, आधी कुणाला सांगायचं, हे ठरवणं त्याच्याकडे जातं, मुलांकडे नाही. सज्ञान माणसाला आजार लपवून त्याच्याकडून किमोच्या संमतीपत्रावर सही घेतली तर ती संमती कसली? काही जण खरोखरच म्हणतात, "मला तपशील नको, मुलीला सांगा." तोही त्यांचाच निर्णय, आणि तो फाइलवर लिहून घेता येतो. म्हणून तपासण्या सुरू होतानाच, रिपोर्ट यायच्या आधी विचारा, "आई, रिपोर्ट तुला कळायला हवा की आम्ही बघू?" हे एक वाक्य आम्ही वेळेवर विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पायरी ६: जिथे कायदा जास्त कडक आहे

गर्भपात. सज्ञान स्त्रीचा गर्भपात करायला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही. मुंबईतही अनेक क्लिनिक ती मागतात आणि बायका परत फिरतात. हे आधी सांगून ठेवते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील कायद्याने अधिकार नसलेल्या कुणालाही सांगणं हा डॉक्टरसाठी गुन्हा आहे. त्याला १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संमतीचा कागद सीलबंद पाकिटात ठेवायचा असतो. अठराच्या आतली मुलगी असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यानुसार पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास त्यात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. हा निकाल माहीत नसल्यामुळे मुली भोंदू लोकांकडे जातात आणि जीव धोक्यात घालतात. घरात अशी वेळ आली तर मुलीला आधी एवढंच सांगा की नाव बाहेर जाणार नाही अशी सोय आहे.

एचआयव्ही. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय निकाल कुणाला सांगायचा नाही आणि नोकरी, शिक्षण किंवा उपचार यांसाठी चाचणीची अट घालायची नाही. जोडीदाराला सांगण्याबाबत त्यात वेगळी, समुपदेशनाने बांधलेली वाट आहे. ऑपरेशनआधी ही चाचणी इतर रक्ततपासण्यांबरोबर उरकली जाते, म्हणून फॉर्म वाचा आणि विचारा. फाइलच्या मुखपृष्ठावर किंवा खाटेवर लाल शाईत खूण केलेली दिसली तर लगेच अधीक्षकांना लेखी द्या.

मानसिक आजार. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो आणि आपल्या मूलभूत नोंदी पाहण्याचाही देतो. एखादा भाग वाचून रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल असं डॉक्टरांना वाटलं तर तेवढा भाग राखून ठेवता येतो, पण रुग्णाला त्याविरुद्ध मानसिक आरोग्य मंडळाकडे जाता येतं. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही. लग्न ठरवताना "मुलाचं जुनं औषधपाणी" डॉक्टरांकडून काढून घेण्याचे प्रयत्न होतात. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं की नाही हे त्या मुलाने ठरवायचं, त्याच्या डॉक्टरने नाही.

पायरी ७: ऑफिस आणि विमा

कॅशलेसच्या फॉर्मवर आपण सही करतो तेव्हा विमा कंपनीला आणि टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) फाइल पाहण्याची परवानगी देत असतो. ते बरोबरच आहे, दावा तपासल्याशिवाय पैसे कोण देईल? पण परवानगी त्या दाव्यापुरती आहे का, हे वाचा. सगळे जुने आणि पुढचेही रेकॉर्ड देण्याची ओळ असेल तर ती कमी करून मागा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत दावा एचआरमार्फत पाठवण्याची पद्धत असेल तर टीपीएकडे थेट पाठवता येईल का, ते आधी विचारा.

गोपनीयता आणि लपवाछपवी यांत मात्र गल्लत करू नका. पॉलिसी घेताना विचारलेल्या आजाराची माहिती दडवली तर पुढे दावा फेटाळला जाण्याची भीती राहते.

रजेसाठी प्रमाणपत्र घेताना निदान किती तपशिलाने लिहायचं, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. किती दिवस विश्रांती आणि कधीपासून कामासाठी योग्य, हे साहेबांना कळायला हवं. पूर्ण रिपोर्ट जोडायची सवय आपणच लावून घेतली आहे.

पायरी ८: फोनमधली फाइल

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर कुणालाही उघडता येतील असे सापडले. त्यांत एचआयव्हीचे रिपोर्टही होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस काम हाताने करावं लागलं. आपण यातलं सगळं थांबवू शकत नाही, पण लॅबच्या काउंटरवर दोन गोष्टी सांगू शकतो. रिपोर्ट माझ्याच नंबरवर पाठवा, आणि पीडीएफला पासवर्ड घाला. घरातल्या एका मुलाचा नंबर सगळ्यांच्या रिपोर्टसाठी दिलेला असतो, तोही एकदा तपासून बघा.

आभा क्रमांकाबद्दल खूप गोंधळ आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, वय, लिंग, फोन एवढी नोंदणीची माहिती जाते आणि रांग वाचते. रिपोर्ट एका हॉस्पिटलातून दुसऱ्याला पाठवायचे तर ॲपमध्ये वेगळी संमती विचारली जाते. कोणते कागद, कोणत्या तारखांचे आणि किती दिवसांसाठी, हे तिथे निवडता येतं आणि नंतर संमती मागेही घेता येते. 'होय' दाबण्याआधी मुदत कमी करा. मला स्वतःला ही सोय उपयोगी वाटते, विशेषतः मधुमेहासारख्या लांब चालणाऱ्या आजारात. फक्त नोंदणीच्या खिडकीवर दुसऱ्या कुणाला तुमचा ओटीपी सांगून घाईने काम उरकू नका.

डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. रुग्णालयांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येते, म्हणजे मराठीतसुद्धा. तोवर खासगी संस्थांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेत. वैद्यकीय नोंदी आणि मानसिक स्थिती ही त्यांत 'संवेदनशील' माहिती आहे. ती घ्यायला लेखी संमती लागते आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने एका महिन्यात तक्रार सोडवायची असते.

पायरी ९: माहिती फुटली किंवा फाइल मिळाली नाही, तर

आधी पुरावा जपा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असा घ्या. कोण, केव्हा, कोणासमोर बोललं, ते त्याच दिवशी वहीत लिहा. मग हॉस्पिटलच्या अधीक्षकांना लेखी तक्रार द्या आणि ७ दिवसांत उत्तर मागा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

पुढची दारं तक्रारीप्रमाणे बदलतात. खासगी हॉस्पिटल किंवा नर्सिंग होमची तक्रार मुंबईत पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते, कारण नोंदणी पालिका करते. हॉस्पिटल ज्या विभागात आहे तिथे जायचं, आपण राहतो तिथे नाही. डॉक्टरने स्वतः गुपित फोडलं किंवा ७२ तासांचा नियम मोडला तर चिंचपोकळीला साने गुरुजी मार्गावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचं कार्यालय आहे. निर्णयासाठी नियमात सहा महिने दिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त धीर ठेवावा लागतो. परिषद डॉक्टरवर कारवाई करते, भरपाई देत नाही.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर शुल्क नाही. घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे. जिथे सगळ्यांनाच पूर्ण मोफत सेवा मिळते तिथे हा कायदा लागू होत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. माहिती डिजिटल स्वरूपात फुटली असेल तर सायबर पोलिसांकडेही जा.

मुदतींचं एक गणित ध्यानात घ्या. हॉस्पिटलने नोंदी जपण्याची सक्ती ३ वर्षांची आहे आणि ग्राहक तक्रारीची मुदत २ वर्षांची. म्हणून घरी आल्यावर पहिल्याच महिन्यात फाइल मागून घ्या, भांडण असो वा नसो.

पायरी १०: रद्दी

२०२४ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयाच्या कागदांपासून बनलेल्या कागदी प्लेटांचा व्हिडिओ फिरला होता. त्यांवर रुग्णांची नावं दिसत होती. पालिकेने कर्मचाऱ्यांना नोटिसा दिल्या. पण आपल्या माळ्यावरचे जुने रिपोर्टही शेवटी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडेच जातात, आणि तिथून भेळेच्या पुडीत.

आमच्या घरी आता एक निळी फाइल आहे, वर आईच्या अक्षरात तिचं नाव. ती कपाटात असते आणि किल्ली तिच्याकडे. जुने कागद काढायचे झाले की ती स्वतः बसते, नाव आणि नोंदणी क्रमांक असलेला वरचा पट्टा फाडते, त्याचे बारीक तुकडे पाण्याच्या बादलीत भिजवते आणि उरलेला कागद रद्दीत टाकते. औषधांच्या खोक्यांवरची लेबलंही ती तशीच काढते. परवा काका पुन्हा आले होते, तब्येत कशी आहे म्हणाले. किती सांगायचं ते तिने ठरवलं आणि तेवढंच सांगितलं.